मामाजींचं भेव

अख्ख्या वऱ्हाडात माझ्या सासऱ्यांइतका भित्रा माणूस आजवर झाला नाही आणि यापुढे होईल असं मला वाटत नाही. सून म्हणून उणंदुणं काढतेय असं समजू नका. ते स्वतःच पहिल्या भेटीत सांगून टाकायचे. "मी भेकड मानूस हाय जी," हे ते अशा ऐटीत सांगत, की समोरच्याला वाटावं हा तहसीलदार असल्याचं सांगतोय. बत्तीस वर्षं त्यांनी अमरावतीत विजेच्या खात्यात कारकुनी केली आणि घरातलं एकही बटण कधी बोटानं दाबलं नाही. त्यासाठी दाराशी एक लाकडी पट्टी टांगलेली असे. मी नवी नवरी असताना एकदा ओल्या हातानं मिक्सर लावला, तर मामाजी तडक अंगणात जाऊन उभे राहिले आणि तिथूनच प्रार्थना करायला लागले. "अहो मामाजी, काही होत नाही," मी म्हटलं. "पोरी, तुले तिची ओळख नाई," ते तिथूनच म्हणाले, "मी बत्तीस वर्षं तिच्या दारात नोकरी केली."

त्यांना कुत्र्याची भीती होती, आणि कुत्रा नसलेल्या गल्लीची त्याहून जास्त, कारण "मंग तो गेला कुठी?" एसटीत ते बरोबर मधल्या सीटवर बसत, पुढून धडकली तर पुढचे जातात आणि मागून धडकली तर मागचे, असा त्यांचा हिशोब. एकदा आमच्या चर्चच्या मंडळीची सहल सेमाडोहच्या जंगलात गेली. अख्खी जीप वाघ दिसावा म्हणून श्वास रोखून बसलेली आणि मामाजी वाघ दिसू नये म्हणून मोठ्यानं देवाला विनवत होते. त्यांची विनवणी ऐकली गेली. वाघ सोडा, साधं हरीणही दिसलं नाही. परतवाडा येईपर्यंत पाळकसाहेबांसकट कुणी त्यांच्याशी बोललं नाही.

पण या सगळ्या भीत्यांचा राजा म्हणजे जंतू. वर्तमानपत्र आधी दोन तास उन्हात पडायचं आणि मग मामाजींच्या हातात जायचं, त्यामुळे आमच्या घरी जगातल्या घडामोडी दुपारी घडत. केळी साबणानं धुतली जात. नाताळात कुणी हात मिळवायला पुढे आलं की हे दोन पावलं मागे सरून, छातीशी हात नेऊन "सलाम, सलाम" करत. खांद्याला कायम एक कापडी पिशवी, तिच्यात उकळलेल्या पाण्याची बाटली आणि फडक्यात गुंडाळलेला स्वतःचा स्टीलचा गिलास. कुणाच्याही घरी जावोत, पाणी यांचं, गिलास यांचा. देवळातही, म्हणजे आमच्या चर्चमध्येही, तेच. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. तेव्हा द्राक्षरसाचा एकच चांदीचा पेला होता. पाळकसाहेब तो कठड्याशी गुडघे टेकलेल्या प्रत्येकाच्या हाती देत, मग काठ पुसून पुढच्याला देत. बाकीचे उठायच्या आत मामाजी कठड्याशी पोचलेले असत, म्हणजे आपल्याआधी कुणाचा ओठ लागायला नको. लोक हसायचे. मीही हसायचे.

एवढा भित्रा माणूस वेडा कसा झाला नाही, याचं उत्तर रोज संध्याकाळी सात वाजता मिळायचं. आमच्या घरी कौटुंबिक प्रार्थनेत आमेनच्या आधी प्रत्येकानं आपली त्या दिवसाची भीती मोठ्यानं सांगायची, हा मामाजींचा नियम. आशीर्वाद मागायला बंदी नव्हती, पण आधी भीती. "भेव लपवलं का वाढते," ते म्हणत. "तोंडानं बोललं का हातात येते. अन हातातच नाई आलं तं प्रभूच्या हाती देशीन काय?" मग ते स्वतः सुरुवात करत, "प्रभू, आज चार भेव हायेत," आणि एकेक नाव घेऊन सांगत. सासूबाईंची भीती लग्नापासून एकच होती: "मले याहीच्या भेवाचंच भेव लागते." माझा नवरा स्कूटरचा टायर नाहीतर साहेबाचा मूड सांगून मोकळा व्हायचा. आणि मी दोन वर्षं पाल सांगत आले. पालीला मी झाडूनं हाणते, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण मामाजी कधी टोकत नसत. फक्त आमेन म्हणायच्या आधी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहायचे.

माझी खरी भीती बाकांची होती. आमच्या देवळात डावीकडची बाकं आणि उजवीकडची बाकं आहेत. कुठे लिहिलेलं नाही, कुणी सांगत नाही, पण डावीकडे बसतात ती घराणी, ज्यांचे पणजोबा ख्रिस्ती होण्याआधी काळ्या जमिनीचे मालक होते. आणि उजवीकडे ती, ज्यांचे पणजोबा त्याच गावांच्या वेशीबाहेर राहायचे. प्रभुभोजनालाही आधी डावी रांग उठते, मग उजवी. बाप्तिस्म्याच्या पाण्यानं सगळं धुतलं गेलं असं आम्ही गातो, पण बाकांवर त्याचा थेंबही पडलेला दिसत नाही. मी अकोल्याची, जठारपेठेतली, उजव्या बाकाची. लग्न करून डावीकडे आले. लग्नाला डावीकडून विरोध न करणारा एकच माणूस होता आणि तो म्हणजे हा जगाला भिणारा सासरा. म्हणून तर माझा जीव त्यांच्यावर होता.

मुलगी झाली. तिच्या बाप्तिस्म्याचा रविवार ठरला, तो नेमका प्रभुभोजनाचा. मी आईला फोन केला. आई अकोल्यात तीस वर्षं नर्स होती. माझे बाबा गेल्यावर तिनं एकटीनं मला वाढवलं. दोन वर्षांत ती आमच्या घरी एकदाही आली नव्हती. कधी गुडघे, कधी शेजारणीचं लग्न, कधी पाण्याचा नळ यायचा दिवस. या वेळी म्हणाली, "येतो ना. नातीचा बाप्तिस्मा पाह्यतो अन निंगतो. पेल्याले थांबत नाई." काहून, म्हटलं. काही नाही म्हणाली. मी खोदून खोदून विचारलं, तेव्हा पलीकडून आईचा आवाज असा आला की तो मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"तुया सासऱ्यानं आपल्या घरचं पानी घेतलं नोतं, बाई. तुले पाह्याले आले तवा पिशवीतून सोताचा गिलास काढला. मी ट्रे घेऊन उभी. लग्नाच्या दिवशी पेल्याले पयले जाऊन लागले, आपल्या मानसाच्या आंधी. मी समजली."

"अगं आई, ते जंतूंना भितात!"

"तीस वर्षं नर्स होती मी. जंतू मले नको शिकवू. माया घरचा गिलास दवाखान्यापेक्षा साफ राह्यते."

फोन ठेवला. त्या आठवड्यात ज्या ज्या गोष्टीला मी हसत आले होते, ती प्रत्येक गोष्ट मला भिववायला लागली. मामाजी माझ्या हातचा चहा पितात, पण कप त्यांचा वेगळा. वेगळा म्हणजे कसा वेगळा? मी सासूबाईंना हळूच विचारलं, मामाजी कुणाच्याच घरी पाणी पीत नाहीत का हो? "सख्ख्या बहिनीच्या घरी बी नाई पेत," त्या म्हणाल्या. जिवात जीव आला, आणि पाच मिनिटांत पुन्हा गेला. बहिणीच्या घरी जंतू आणि आईच्या घरी दुसरंच काही असलं तर? दिसायला दोन्ही सारखंच ना. ज्या एका माणसाला मी बाप मानलं तोच तसा निघाला तर मी या घरात राहू कशी, आणि आईला तोंड दाखवू कशी? रविवार चार दिवसांवर आला होता.

बुधवारी संध्याकाळी प्रार्थनेला बसलो. मामाजींच्या तीन भीत्या झाल्या, सासूबाईंची एक झाली. माझी पाळी आली. मी पाल म्हणायला तोंड उघडलं आणि रडूच फुटलं. मग सगळं बाहेर आलं: ट्रे, गिलास, पेला, आईचे गुडघे. शेवटी म्हटलं, "मला तुमची भीती वाटते, मामाजी."

नवरा "अगं, काय बोलतेस?" म्हणून अंगावर आला. मामाजींनी हात वर करून त्याला गप्प केलं. त्यांचा चेहरा पार उतरला होता. मला वाटलं आता म्हणतील, छे छे पोरी, जंतू गं, तुझी आई काहीतरीच. तेवढं म्हणाले असते तर मी लगेच मानलं असतं, मानायला टपलेच होते. पण त्यांनी पुढ्यातलं बायबल मिटून बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "जंतू हा शब्द मी शाळेत शिकलो, पोरी. पाचवीत. पन दुसऱ्याच्या घरच्या पान्याचं भेव त्याच्या आंधीचं हाय. माही माय बाहेर जातानी सांगे, याच्या घरी पे, त्याच्या घरी नको पेऊ. काहून, ते नाई सांगे. मंग जंतू आले. मी म्हटलं चला, बरं झालं, आता कोनाच्याच घरी नाई पेत. आता याच्यात जंतू किती अन माय किती, मलेच नाई मायीत."

त्या दिवशी आमेन कुणीच म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाजी खुंटीवरची पिशवी न घेता अकोल्याला निघाले. सासूबाई घाबरून मागे धावल्या, "अवो, पिशवी!" त्यांनी वळूनही पाहिलं नाही. मी बाळाला घेऊन त्यांच्याबरोबर गेले. एसटीत मधली सीट रिकामी होती, तरी हे ड्रायव्हरच्या मागे बसले. मला वाटतं त्यांचं लक्षच नव्हतं. मूर्तिजापूर गेलं तरी ओठ हलत होते.

आईनं दार उघडलं आणि आम्हाला पाहून दारातच थांबली. मामाजींनी छातीशी हात नेला. "सलाम, इहीनबाई. पानी पाजता काय?"

आई आत गेली आणि तोच ट्रे, तसाच गिलास घेऊन आली. मामाजींनी गिलास घेतला. ओठांपर्यंत नेला आणि तसाच खाली आणला. आई नर्सच्या नजरेनं पाहत होती, ताप मोजल्यासारखं.

"भेऊन राह्यले काय जी?"

"हो. लय भेऊन राह्यलो."

"कोनाले? जंतूले का आमाले?"

"मायीत नाई," मामाजी म्हणाले. "तेच समजाले आलो. पन तुमच्या दारात दोन वर्सं आंधी यायले पायजे होतं, ते चुकलंच. माफी मागतो."

आणि डोळे घट्ट मिटून, लहान मूल एरंडेल पितं तसा त्यांनी तो अख्खा गिलास रिकामा केला. मग डोळे उघडून स्वतःकडे असे पाहायला लागले, जणू आता काय काय गळून पडतं ते बघावं. मला हसू यायला लागलं आणि रडूही. आईनं गिलास परत घेतला. "उकळलेलं होतं," ती म्हणाली. एवढंच. रविवारी थांबीन असं काही ती म्हणाली नाही, आणि विचारायची माझी हिंमत झाली नाही.

रविवारी आई आली, उजवीकडे अगदी मागच्या बाकावर बसली. बाप्तिस्मा झाला, पोरीनं अर्धं देऊळ डोक्यावर घेतलं. मग प्रभुभोजनाची वेळ झाली. मी मागे पाहिलं, आईनं पर्स उचलली होती. आणि इकडे भलतंच. रांगेत सगळ्यात पुढे धावणारे मामाजी जागचे हललेच नाहीत. डावीकडच्यांना इतकी वर्षं त्यांच्यामागून उठायची सवय, त्यामुळे कुणीच उठेना. पाळकसाहेब दोनदा खाकरले. शेवटी उजवीकडची एक म्हातारी वैतागून उठली आणि तिच्यामागे उजवी रांग आधी गेली. आमच्या देवळात असं पहिल्यांदाच झालं, आणि तेही कुणी ठरवून केलं नाही. मग डावी रांग गेली. दोघंच उरली: मामाजी, आणि त्यांना बसलेलं पाहून पर्स हातात धरून थबकलेली आई. मामाजी उठून मागच्या बाकापाशी गेले, आणि त्यांचा दबका आवाज अख्ख्या देवळानं ऐकला: "चाला इहीनबाई. मले एकट्याले भेव लागते."

आईनं पर्स बाकावर ठेवली.

कठड्याशी दोघं शेजारी टेकली. साऱ्या मंडळीचे ओठ लागून पेला शेवटी आईकडे आला. ती प्यायली. मग मामाजींची पाळी. त्यांनी पेला धरला आणि तो चांदीचा पेला त्यांच्या दातांवर वाजायला लागला. टणटण ऐकू येत होतं. आईनं क्षणभर पाहिलं आणि खालून पेल्याला आपला हात लावला. तिच्या हाताच्या आधारानं ते प्यायले. पुढचे आठ दिवस ते सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर लावून बसत आणि ताप येत नाही म्हणून आणखी घाबरत. प्रार्थनेत मात्र एक भीती त्यांच्या यादीत कायमची राहिली. "प्रभू, मायचं भेव अजून गेलं नाई," ते म्हणायचे. "पन आता मी त्याले जंतू म्हनत नाई."

मामाजी जाऊन दोन वर्षं झाली. ते गेल्यावर मंडळीत ठराव झाला, आरोग्याच्या दृष्टीनं म्हणे, आणि प्रत्येकासाठी वेगवेगळे लहान पेले आले. डावीकडच्यांची सोय झाली, उजवीकडच्यांची झाली, कुणाला बोलायला जागा उरली नाही. परवा पहिल्या रविवारी आई आली होती. आता ती माझ्या शेजारी, डावीकडे बसते. तिनं तो अंगठ्याएवढा पेला हातात घेतला, उलटसुलट पाहिला, आणि प्यायच्या आधी माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "साफ हाय वं बाई. पन याले धराले दुसऱ्याचा हात लागत नाई."