लिफ्टमामा सुखी झाले त्याची हकीकत

पैसे आल्यावर माणसाने सुखी व्हायचं असतं, हे लिफ्टमामांना त्यांच्या मेहुण्याने समजावून सांगितलं, कारण ते आपणहून त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

मामा एका सहा मजली कचेऱ्यांच्या इमारतीत लिफ्ट चालवत. एकतीस वर्षं. लिफ्ट जुनी, जाळीच्या दरवाजाची, बटनं नसलेली. पितळी हँडल एका बाजूला दाबलं की वर, दुसऱ्या बाजूला दाबलं की खाली, आणि सोडलं की थांबली. आता कुठे थांबली, हा प्रश्न चालवणाऱ्याचा. भरलेली लिफ्ट खाली येताना हँडल वीतभर आधी सोडावं लागतं, नाहीतर ती मजला ओलांडून जाते. रिकामी वर नेताना तसंच. भरलेली वर चढताना मात्र अगदी शेवटपर्यंत दाबून धरायचं. आत किती माणसं आहेत, त्यांत जाडी किती, कोणाच्या हातात फायलींचा गठ्ठा आहे, हे सगळं मामांच्या मनगटाला कळायचं. लिफ्टची फळी आणि मजल्याची फरशी अशी एका रेषेत यायची की पाटी ठेवली तर डगमगली नसती. या कौशल्याबद्दल एकतीस वर्षांत त्यांना एकही प्रशस्तिपत्र मिळालं नाही. मिळालं ते एक स्टूल.

मामांच्या वडिलांनी शहराबाहेर जमिनीचा एक चिंचोळा तुकडा घेऊन ठेवला होता. तिथे काटेरी झुडपं सोडून काही उगवत नसे. त्या तुकड्याच्या बरोबर पोटातून नवा रस्ता काढायचं सरकारने ठरवलं आणि मोबदला दिला. रक्कम अशी, की मामांचा एकतीस वर्षांचा सगळा पगार तिच्या एका कोपऱ्यात मावला असता.

मेहुणा त्याच संध्याकाळी आला. लोकांना त्यांच्या पैशाचं काय करावं हे सांगण्यात त्याची हयात गेली होती. स्वतःचे पैसे नसल्यामुळे त्याला वेळ भरपूर असे.

"दाजी, पहिलं काम म्हणजे ती नोकरी सोडा."

"का? नोकरीने काय केलंय?"

"अहो, एवढे पैसे आलेला माणूस स्टुलावर बसून लोकांना वरखाली करतो, बरं दिसतं का?"

"मी बसत नाही फारसा. उभाच असतो."

"ते तर आणखी वाईट!"

मामांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने भावाकडे पाहिलं. अशा रीतीने घरात चर्चा होऊन मामांनी राजीनामा दिला.

चौदा मजली नव्या इमारतीत अकराव्या मजल्यावर घर घेतलं. माणसं दोन आणि बाथरूम तीन. तिसऱ्या बाथरूमचं काय करायचं हे कळेना, तेव्हा तिच्यात जुन्या बादल्या ठेवल्या. सोफा आला. त्यावरचं प्लास्टिक काढायचं नाही असं ठरलं, म्हणजे सोफा नवा राहील आणि बसणारा घामेजून लवकर उठेल. मात्र बायकोचं सुख खोटं होतं असं कोणी म्हणू नये. सव्वीस वर्षं तिने खालच्या नळावरून दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत पाणी चढवलं होतं. आता ती नळ सोडायची आणि नुसती बघत राहायची. दुखणारी दाढ तिने चार वर्षं लवंगेवर भागवली होती, ती तिने आठवड्यात काढून टाकली. पैशाने माणूस सुखी होतो की नाही, यावर ज्यांना वाद घालायचा असेल त्यांनी आधी अशी दाढ चार वर्षं सांभाळून दाखवावी.

प्रश्न मामांचा होता. सहाला उठून, दाढी करून, कपडे घालून ते साडेसातला तयार असत. त्यानंतर रात्री झोपेपर्यंत कार्यक्रम रिकामा. मेहुणा दर रविवारी हजेरी घ्यायला यायचा.

"काय दाजी, मजा ना?"

"हो, मजा."

"चेहऱ्यावर दिसत नाही."

"करतोय प्रयत्न," मामा म्हणत.

नव्या इमारतीतली लिफ्ट स्टीलची होती. आतून एक बाई गोड आवाजात मजला सांगायची. लिफ्ट दर वेळी अचूक थांबायची, केसभर इकडेतिकडे नाही, आणि त्यात कोणाचंच कौतुक नव्हतं. मामांना हे फार लागलं. एके सकाळी दूध आणायला म्हणून ते खाली गेले. लिफ्टमध्ये चौघं शिरली. मामा आपसूक बटनांपाशी सरकले, पाठ भिंतीला लावली आणि म्हणाले, "सावकाश. कितवा?" त्या दिवशी दूध दोन तासांनी घरात आलं. दुसऱ्या दिवशी तीन तासांनी. तीन आठवड्यांत चौदा मजल्यांवरची माणसं त्यांना पाठ झाली. 'कितवा' विचारायची गरजच उरली नाही. नवव्या मजल्यावरच्या बाईंच्या दोन जड पिशव्या त्यांनी दारापर्यंत पोहोचवल्या. बाईंनी हातावर नोट ठेवली, आणि एकतीस वर्षांच्या सवयीने मामांनी ती कपाळाला लावून खिशात टाकली.

पुढच्याच आठवड्यात बायकोने शेजारणींना चहाला बोलावलं. चहा हे निमित्त, दाखवायचा होता सोफा. नवव्या मजल्यावरच्या बाई प्लास्टिकवर बसत म्हणाल्या, "या बिल्डिंगमध्ये मला एक गोष्ट फार आवडली हं. लिफ्टमन किती नम्र ठेवलाय!"

"लिफ्टमन?" बायको म्हणाली. "आपल्याकडे कुठे लिफ्टमन आहे?"

नेमके त्याच वेळी मामा बिस्किटांची बशी घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आले.

"हाच तो," बाई म्हणाल्या. "पिशव्यांचे पैसे दिले, तर कपाळाला लावून घेतले याने. अगं बाई, घरकामही करतो का?"

शेजारणी गेल्यावर बायकोने दार लावलं.

"अहो, पैसे घेतलेत तुम्ही तिच्याकडून?"

"तिने दिले. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं."

"किती?"

मामांनी सांगितलं.

"एवढेच?" बायको कडाडली. "दोन पिशव्यांचे?"

त्या दिवसापासून नियम झाला, की मामांनी लिफ्टमध्ये शिरल्यावर बटनांकडे पाठ करून उभं राहायचं आणि तोंड उघडायचं नाही. मामांनी तो पाळला. जेवण निम्म्यावर आलं. बायकोने डॉक्टरला दाखवलं. डॉक्टरने चार तपासण्या करून घेतल्या आणि सगळं उत्तम आहे असं लिहून दिलं. म्हणजे दुखणं काय ते मामांनीच शोधायचं होतं.

एका सोमवारी मामा जुन्या इमारतीत गेले. फंडाच्या कागदावर सही राहिली असेल, असं कारण त्यांनी घरी सांगितलं. सही कुठेच राहिली नव्हती. लिफ्टपाशी गर्दी होती आणि लिफ्ट तळमजल्याच्या फूटभर खाली थांबली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या वकीलबाई, ज्यांचा गुडघा त्यांच्या अशिलांपेक्षा जुना होता, हात देऊन वर ओढल्या जात होत्या.

मॅनेजरने मामांना केबिनमध्ये बसवलं. "चार महिन्यांत तीन माणसं ठेवली, मामा. एकालाही जमत नाही. शनिवारी एकजण चौथ्या मजल्यावर तोंडावर आपटला."

"शिकवतो मी कोणाला तरी."

"उशीर झाला. दोर बदलायचाय, मोटर नव्याने बांधून घ्यायचीय, तपासणीची फी वेगळी. मालक म्हणतात, शिवाय चालवायला माणूस नाही. एक तारखेला तोडायला येतायत. बटनांची बसवणार."

"माणूस आहे."

"कोण?"

"मी."

"बरं. आणि खर्च?"

पैसे आल्यापासून त्या पैशाचं काहीतरी घ्यावं असं मामांना पहिल्यांदाच वाटत होतं.

"तोही मीच," ते म्हणाले.

मॅनेजरने चष्मा काढला. "म्हणजे तुम्ही आम्हाला पैसे देणार आणि आम्ही तुम्हाला पगार?"

"सात तारखेला. पूर्वीसारखा."

मालकांच्या अशा चार इमारती होत्या आणि झोपेची गोळी घेतल्याशिवाय त्यांचा डोळा लागत नसे. या प्रस्तावात फसवणूक कुठे आहे, याचा त्यांनी दोन दिवस शोध घेतला. सापडली नाही, म्हणून जास्तच घाबरले. शेवटी वकीलबाईंनी सांगितलं, "माणूस खुळा आहे, कागद पक्का आहे." तेव्हा कुठे सही झाली.

रविवारी मेहुण्यासमोरच मामांनी हे घरी सांगून टाकलं. मेहुण्याने तिथल्या तिथे हिशेब मांडला.

"पगारातून एवढी रक्कम वसूल व्हायला चव्वेचाळीस वर्षं लागतील. दाजी, तुम्ही आता अठ्ठावन्न. एकशे दोनाव्या वर्षी फायद्यात याल."

"बघू," मामा म्हणाले.

बायको दोन दिवस नळ सोडून बघत बसली. तिसऱ्या दिवशी तिने नळ बंद केला आणि विचारलं, "मला परत त्या खोलीत जायला लागणार का?"

"छे! घर हेच. मी नुसता जाऊन येणार."

"पाणी इथलंच?"

"इथलंच गं."

"आणि कोणी विचारलं, हे कुठे जातात, तर मी काय सांगू?"

उत्तर बायकोलाच सुचलं. आठवड्याभरात इमारतीत बातमी पसरली, की अकराव्या मजल्यावरच्या साहेबांनी लिफ्टच्या व्यवसायात मोठी रक्कम गुंतवली आहे आणि जातीने लक्ष घालायला रोज जातात. बातमीत एक अक्षर खोटं नव्हतं. नवव्या मजल्यावरच्या बाईंनी तर, आपल्या मिस्टरांनाही त्यात थोडे घालता येतील का, अशी चौकशी केली.

पहिल्या दिवशी वकीलबाई एकट्याच लिफ्टमध्ये शिरल्या. मामांनी जाळी ओढली, हँडल दाबलं, सोडलं. तिसरा मजला आला आणि लिफ्ट दोन बोटं वर जाऊन थांबली.

"मामा," वकीलबाई फरशीकडे बघत म्हणाल्या, "श्रीमंतीने हात गेला वाटतं?"

"उतरू नका," मामा म्हणाले. त्यांनी लिफ्ट खाली नेली. पुन्हा वर. एक बोट. पुन्हा खाली.

"अहो, माझी तारीख आहे अकराला!"

"बसा स्टुलावर. गुडघ्याला बरं."

पाचव्या खेपेला फळी आणि फरशी एका रेषेत आली. वकीलबाई मुद्दाम पाय घासत बाहेर पडल्या. पाय कुठेच अडला नाही.

संध्याकाळी मामा घरी आले ते तणतणतच. नवं घर लांब, बस उशिरा आली, आणि दहा मिनिटांसाठी मॅनेजरने त्यांचा अर्धा दिवस कापला होता.

"अर्धा दिवस! पहिल्याच दिवशी! एकतीस वर्षं पाहिलेल्या माणसाचा!" मामा पानावर बसले तरी थांबेनात. "उद्या जाब विचारतो मी त्याला."

"अहो, पण पैसे तर तुमचेच आहेत ना," बायको वाढता वाढता म्हणाली.

"म्हणून काय झालं? पगार तो पगार! भाजी आहे का अजून?"

भाजी संपली होती. बायकोने स्वतःच्या ताटातली त्यांच्या पानात सरकवली आणि मॅनेजर अजून काय काय म्हणाला, ते ऐकत बसली.