फिरोजाबाईंचा उजवा हात

हरिहरेश्वरच्या त्या रिसॉर्टचे मालक बदलले, नारळांच्या बुंध्यांना दिव्यांच्या माळा आल्या. काउंटरमागच्या फिरोजाबाई मात्र हलल्या नाहीत. नवरा गेल्यावर धरलेली खुर्ची. पुढ्यात एकच जुनाट फोन. बाहेरचे कॉल त्यावर, खोल्यांचा इंटरकॉमही त्यावरच. बाहेरच्याशी बोलताना खोलीचा बझर वाजला, की म्हणायचं, "एक मिनिट होल्ड करा, सर," बटण दाबायचं, खोलीचं ऐकून परत यायचं. पहिल्या मालकानं घोटून घेतलं होतं, घरात आलेला पाहुणा आधी, दारातला नंतर. पुढे सांगावं लागेना. हात आपसूक जाई.

एकुलता एक मुलगा मुसअब आखातात बोटीवर होता. बोटीत चोरटं डिझेल सापडलं म्हणून सगळ्या खलाशांना धरल्याची बातमी आली. कुठं ठेवलंय, कुणी सांगेना. एजंट फोन उचलेना. म्हसळ्याचे बदरुद्दीन वकील म्हणाले, "भाभी, जागेचं नाव तेवढं कळू द्या. नावाशिवाय अर्ज लावू कुठं?"

मोबाइल काढून घेतलेल्या माणसाला नंबर किती पाठ असणार? मुसअबला एकच होता. शाळा सुटली की वाण्याच्या दुकानातून तो याच नंबरवर विचारायचा, "अम्मी, जेवायला काय हाय?" म्हणून फिरोजाबाई ईदलाही घरी राहिल्या नाहीत.

एका दुपारी फोन वाजला.

"अम्मी, मी. एकच कॉल देतात. वेळ न्हाय, लिहून घे."

"बोल, बाळा! कुठं हायेस?" पेन हातातच होतं.

"आम्हाला इथं—"

बझर वाजला.

"एक मिनिट होल्ड करा, सर," फिरोजाबाई म्हणाल्या, आणि पेनाच्या टोकानं बटण दाबलं गेलं.

"मॅडम, गिझर चालत नाही हो. आंघोळी खोळंबल्यात."

"माणूस पाठवते," म्हणता म्हणता आपण काय केलं ते त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी बटण दाबलं, पुन्हा दाबलं. लाइनवर कुणी नव्हतं. या फोनवर नंबरही उमटत नसे. लेकानं शेवटी ऐकलं ते 'सर', आणि मागोमाग होल्डवरची खेळण्यातल्यासारखी धून.

"करेल परत, फिरोजाबेन," आताचे मालक चिरागभाई म्हणाले. त्यांनी स्वतः चहा आणून ठेवला. त्यावर साय धरली. गिझर तेवढा दुरुस्त झाला.

मुसअबचा फोन पुन्हा आला नाही. बदरुद्दीन वकील आता रस्त्यात भेटले तर नुसती मान हलवतात.

परवा पुण्याची कुणी बाई फोनवर चौकशी करत होती. "समुद्र किती लांब आहे हो तुमच्याकडून?"

"समोरच आहे, मॅडम."

बझर वाजला. फिरोजाबाईंनी उजवा हात मांडीखाली घेतला आणि त्यावर सगळा भार टाकून बसल्या.

"अहो, खोलीतून वाजतोय! उचला ना!" चिरागभाई ओरडले.

"समोरच आहे," फिरोजाबाई त्या अनोळखी बाईला सांगत राहिल्या. "इथून सगळा दिसतो."