गच्चीवरचा समुद्र

कर्नाटकच्या किनाऱ्यावर मी काही वर्षं लोकांना सर्फिंग शिकवलं. तिथली नोकरी सुटली आणि मी भिवंडीत, नारपोलीच्या घरी परत आले. सोबत होता एक जुना सर्फबोर्ड. जिन्यात तो वळेना, म्हणून दादाने दोरी बांधून वरून ओढला आणि गच्चीवर ठेवला.

वहिनी तेव्हा फारशी बोलत नसे. त्या वर्षी तिचं बाळ जन्मतःच गेलं होतं. घरात कुणी तो विषय काढत नव्हतं. आईने टोपडी, दुपटी कुठेतरी आत ठेवून दिली होती. वहिनी कपडे वाळत घालायला गच्चीवर यायची ती बराच वेळ खाली जायचीच नाही. एकदा ती बोर्डजवळ उकिडवी बसली, त्याच्यावर हात फिरवला आणि म्हणाली, "ताई, या फळीवर मानूस खरंच उभा ऱ्हातो?"

"राहतो की. शिकायचंय?"

"मला पव्हता येतं," एवढंच ती म्हणाली. तिचं माहेर गणेशपुरीजवळचं, नदीत पोहून वाढलेली.

दुसऱ्या दिवशी मी गच्चीवर खडूने बोर्ड काढला. पोटावर झोपायचं, हातांनी पाणी मारायचं, मग तळवे छातीजवळ टेकून एका दमात उभं राहायचं. गुडघा टेकवायचा नाही. खाली कापड विणणारे लूम धडधडत असायचे, जमीन बारीक हलायची. वहिनी कुर्त्याची ओढणी कमरेला बांधून पुन्हा पुन्हा उठायची. समोरच्या इमारतीतल्या बायका खिडकीत यायच्या. शेजारची चाची वाळवणाची राखण करत खुर्चीवर बसलेली असायची. तिचे मियाँ जाऊन बरीच वर्षं झाली होती. लूमच्या कामगारांशी हिंदीत आणि आमच्याशी मराठीत ती सारख्याच जोरात बोले.

"पाय वाकव गो, काठीसारखी उभी काय राहतेस?" चाची बसल्या जागेवरून वहिनीला सांगायची. शेवटी एका संध्याकाळी ती स्वतःच चप्पल काढून खडूच्या बोर्डवर आडवी झाली. उठताना तिला आम्ही दोघींनी धरलं. आम्ही इतक्या हसलो की आई जिन्यातून वर बघायला आली.

पाऊस संपला, समुद्र जरा निवळला आणि दादाने कापडाचे तागे नेणारा टेम्पो काढला. पुढे तो आणि चाची, मागे बोर्ड धरून मी आणि वहिनी. वज्रेश्वरीवरून अर्नाळ्याला पोचेस्तोवर ऊन वर आलं होतं.

वहिनी पाण्यात कमरेपर्यंत आली आणि थबकली. "लोक बघतायत," ती म्हणाली. किनाऱ्यावर खरंच माणसं जमली होती.

चाचीने ते ऐकलं. सलवार गुडघ्यापर्यंत वर घेऊन ती सरळ पाण्यात शिरली. "पहिली मी. आता मलाच बघू देत!" मी तिला बोर्डवर पालथं झोपवलं आणि फेसाळ लाट आली तशी ढकललं. चाची किंचाळत वाळूपर्यंत गेली, डोक्यावरचा दुपट्टा गळ्यात, तोंडात खारं पाणी. "अरे, फिरसे! फिरसे!"

मग वहिनी. पहिल्या लाटेला ती उठलीच नाही. दुसरीला गुडघा टेकला आणि पडली. मग बराच वेळ नुसतं पडणंच चाललं होतं. नदीत पोहणारी बाई, पण लाट अंगावर आली की श्वास कोंडून धरायची. एकदा पाण्याखालून वर आली ती ओरडतच. शब्द नव्हते, नुसता आवाज. आधी मला वाटलं लागलं कुठे. मग कळलं, ती रडत होती. मी बोर्ड सोडून तिला धरलं. लाटा येत होत्या, आम्ही दोघी डगमगत होतो. पहिल्यांदाच ती बाळाबद्दल बोलली. "ताई, मला त्याचं तोंड पन नीट बघू दिलं न्हाय."

मी तिला धरून राहिले.

थोड्या वेळाने तिने नाक पुसलं. "आन ती फळी."

मी ढकललं. ती उठली, पाय वाकवून, हात पसरून, आणि किनाऱ्यापर्यंत तशीच गेली. वाळूवर उतरून मागे वळली तेव्हा तिला काय करावं ते कळत नव्हतं. दादा टेम्पोजवळ उभा राहून दोन्ही हातांनी डोळे पुसत होता.

लाटा बऱ्या असतील त्या रविवारी आम्ही जात राहिलो. पुढे चाचीचे गुडघे दुखायला लागले. लूमचं काम मंदावलं, तसे दादा-वहिनी सुरतेला गेले. आमच्या गच्चीवर आता पत्र्याची शेड आहे. मी मालवणच्या बाजूला पुन्हा शिकवते.

वहिनीचा फोन येतो. तिकडचा समुद्र गढूळ आणि सपाट असल्याची तक्रार करते. परवा म्हणाली, "दिवाळीला आमी येतो. मला मोठ्या लाटंवर ने."