लाल कणसं

सत्तर सालानंतरची गोष्ट. सोलापूरजवळ ज्वारीच्या एका प्रयोगशेतावर मी नुकताच लागलो होतो. पदवी नवी कोरी, डोकं गरम, आणि आपल्याला सगळं कळतं ही पक्की खात्री.

संकराचं काम बाया करायच्या. ज्वारीच्या फुलाफुलातले पुंकेसर सुईनं काढायचे, कणसावर कागदी पिशवी चढवायची, सकाळी त्यावर दुसऱ्या जातीचे पराग झटकायचे आणि पिशवी परत बांधायची. मैंदर्गीकडची एक मावशी यात सगळ्यांत तरबेज. घरी कानडी, शेतावर मराठी. बाकीच्या बाया खुरपणीला, ही सुईला. त्याचा तिला केवढा तोरा होता, आणि तो तिला शोभायचाही.

एका हंगामात तिनं पांढऱ्या ज्वारीवर पिवळ्या ज्वारीचे पराग टाकले. ते बी आम्ही पुढच्या हंगामात पेरलं. कणसं पिकली आणि मी बघतच राहिलो. सगळी लाल! आई पांढरी, बाप पिवळा, मग हे लाल आलं कुठून? संकर केला तेव्हा शेजारच्या वाफ्यात लाल ज्वारी होती. झालं, मला कारण सापडलं. सकाळच्या हजेरीला, सगळ्या बायांसमोर, मी तिच्यावर खेकसलो, "पिशवी उघडी ठेवलीस! शेजारचे पराग शिरले." एरवी मी तिला अहो-जाहो करायचो, त्या दिवशी तेही सुटलं.

"अय्यो! माजी गाठ कदी सुटली न्हाय, सायेब," ती म्हणाली. "गोऱ्या आईबापाला काळं पोर झालं, की तुमी लगेच शेजाऱ्याकडं बोट दावता व्हय?"

बाया खो-खो हसल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिथल्या तिथं मी तिच्या हातातली सुई काढून घेतली आणि खुरपं दिलं. तिचा चेहरा उतरला. "सोत्ता करून बघा की," एवढंच बोलली आणि खुरपायला गेली.

तिचं तोंड बंद करायचं म्हणूनच पुढच्या हंगामात मी तोच संकर स्वतः केला. आसपास लाल ज्वारीचं एक ताटही उभं ठेवलं नाही. पिशवीवर पिशवी, गाठीवर गाठ. ते बी त्याच्या पुढच्या हंगामात पेरलं, पिकलं. लाल! एकूण एक कणीस लाल.

मी बांधावर बसलो. मग मात्र डोकं चालायला लागलं. लाल रंगाचा जनुक त्या पांढऱ्या आईतच होता. पण तिच्यातलाच दुसरा एक जनुक दाण्याला रंग चढू देत नव्हता, म्हणून लाल असून दिसत नव्हता. रंग चढू देणारा जनुक पिवळ्या बापानं आणला आणि आईत दडलेला लाल वर आला. अहो, हे मी कॉलेजात शिकलो होतो! परीक्षेत पानभर लिहिलं होतं. शेतात समोर उभं राहिलं तेव्हा ओळखलं नाही आणि बाईला दोष दिला. स्वतःची एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

दुपारी सुई घेऊन मी तिच्याकडं गेलो. दोन वर्षं ती खुरपतच होती, आणि बाया तिला 'उघड्या पिशवीची' म्हणून चिडवायच्या. मी हळूच म्हणालो, "मावशी, चूक माझी होती. घ्या ही सुई."

तिनं हात पुढं केला नाही. "तवा हजेरीला बोललात, समद्यांम्होरं. आता हितं कानात का सांगताय?"

दुसऱ्या दिवशी हजेरीला सगळ्या बाया उभ्या असताना मी मोठ्यानं सांगितलं, "मावशींची पिशवी उघडी नव्हती. त्यांची गाठ पक्की होती. चुकलो मी."

कुणीही हसलं नाही. मावशी पुढं आली, माझ्या हातातली सुई घेतली आणि आपलं खुरपं माझ्या हातात दिलं.