विकलेल्या घंटीचे टोले

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, एका दंगलीत डोक्यावर दगडही खाल्ला. त्यातलं बरंचसं विसरलो. एक घटना मात्र काही केल्या डोक्यातून जात नाही, आणि तिच्यात ना खून होता ना दरोडा.

अकोला आणि अमरावती जिल्ह्यांच्या शिवेवरच्या एका ठाण्यात मी ठाणेदार होतो. मूळचा मी सोलापूरकडचा. वऱ्हाडी कळायला मला वर्ष गेलं आणि बोलता कधीच आली नाही. ठाण्याच्या हद्दीतून छोट्या गाडीची लाईन जायची. म्हणजे रूळ होते, गाडी बंद पडून काही वर्षं झालेली. पूर्वी कोळशाच्या इंजिनाला पाणी लागायचं म्हणून काही स्टेशनांवर मोठमोठ्या विहिरी बांधल्या होत्या. गाडी गेल्यावर काही स्टेशनं तशीच उभी राहिली. दगडी भिंती, कौलं, तिकिटाची खिडकी, सगळं जागच्या जागी, फक्त माणूस नाही. काही मात्र पार पुसली गेली. लोकांनी विटा नेल्या, दारं नेली, उरला तो फलाटाचा मातीचा उंचवटा. तिथली माती कोळशाच्या चुरीनं अजून काळी होती.

कापूस वेचणीचे दिवस होते. सकाळी पस्तिशीचा एक माणूस ठाण्यात आला. कापसाच्या जिनिंग कारखान्यात कामाला होता. "माय कालपासून घरी नाही," म्हणाला. त्याचे वडील या लाईनीवर खलाशी होते, घंटी वाजवणं आणि झेंडी दाखवणं हे त्यांचं काम. ते वारले होते. म्हातारी मुलाजवळ राहायची. ठाणे अंमलदारानं मिसिंग दाखल करून घेतली आणि मी त्याला समोर बसवलं.

"कुठं गेली असेल?"

"टेशनावर गेली असन."

"तिथं काय आहे आता?"

"काई नाई. जाते, बसते अन् येते."

एवढं बोलायला त्यानं चारदा घाम पुसला. हवेत गारवा होता, घामाचं काही कारण नव्हतं. मी जीप स्टेशनाकडे पाठवली. हमरस्त्यालगत दगडी स्टेशन उभं होतं. तिथं शेळ्या आणि पत्ते कुटणारी टोळी सापडली, म्हातारी नाही. तोवर आमचा हवालदार गावात चौकशी करून आला. तो त्याच भागातला, शांत माणूस, निवृत्तीला आलेला.

"साहेब, शेजारचे म्हणतात, काल सकाळी माय-लेकाचं कडाक्याचं भांडण झालं. टेशनावर जाऊ नको म्हणे थो तिले. मंग म्हणाला, जा, तिथंच जाऊन मर."

असं वाक्य कानावर आलं की पोलिसाचं डोकं एकाच दिशेनं धावतं. मुलाला मी दिवसभर ठाण्यात बसवून ठेवलं. गोड बोललो, मग आवाज चढवला. माझा आवाज चढला की कुलूपबंद कोठडीतलेही उठून बसतात, पण हा गडी भिंतीकडे बघत राहिला. कालची संध्याकाळ कुठं घालवलीस असं विचारलं की उडवाउडवीची उत्तरं. लपवणाऱ्याचा चेहरा मी शेकड्यांनी पाहिला आहे आणि हा लपवत होता यात शंका नव्हती. संध्याकाळी गावातले चार लोक येऊन "पोरानंच घात केला, साहेब" असं फाटकाबाहेरून सांगून गेले. म्हातारी जिवंत असेल अशी आशा ठाण्यात कुणालाही नव्हती. खरं सांगायचं तर मलाही नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी खबऱ्याचा फोन आला. परतवाड्याच्या रस्त्याला एका भंगारवाल्याच्या झोपडीमागं रुळाचे तुकडे पडलेत. माझ्या माणसांनी त्याला माल पडल्या जागी धरला. ही कटकट खरी रेल्वे पोलिसांची. त्यांच्या हवाली करण्याआधी दोन प्रश्न विचारावेत म्हणून मी त्याला आत घेतलं, आणि तो न मारता, न दरडावता पोपटासारखा बोलू लागला. मला हे विचित्र वाटलं. चोर एवढ्या खुशीनं कोठडीत येत नाही.

"रूळ काटले, साहेब. पट्ट्या काढल्या. मागल्या हप्त्यात टेशनाच्या हिरीवरची लोखंडी जाळी काढली. सगळं कबूल हाये. पन मले आता तिथं पंचनाम्याले नेऊ नका."

"का?"

"तिथं घंटी वाजते."

"कसली घंटी?"

"टेशनाची. काल भर दुपारी वाजली. गाडी येते तशी. वेचणीच्या बायाही जेवण टाकून पळाल्या. मी तं बैलबंडी सोडून पळालो."

"मग वाजली असेल घंटा. त्यात काय एवढं?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मला त्याची कीव आली. "साहेब, थे घंटी मीच काढली होती ना. दिवाळीच्या आधी इकून खाल्ली. मंग वाजते काय?"

लेखनिकाचा पेन थांबला. मी हवालदाराकडे वळलो, तर त्याचा चेहरा उतरलेला.

"हा कोणत्या स्टेशनाबद्दल बोलतोय? काल आपण जीप पाठवली तिथं रूळ कुठंही कापलेले नव्हते."

"तिथलं नाई, साहेब. हमरस्त्यावरच्याले इकडं 'बिल्डिंग' म्हणतात. टेशन म्हणजे मोडलं थे. गावाच्या मांगं, शेतात."

"अरे मग काल तोंडात मिठाची गुळणी धरली होती का?"

"तिथं आता काईच नाई, साहेब. मातीच हाये. तिथं कोनाले पाठवता?"

माझं डोकं फिरलं, पण चिडायला वेळ नव्हता. रात्रीही ठाण्यातच ठेवलेल्या मुलाच्या समोर मी जाऊन उभा राहिलो आणि एकच विचारलं, "परवा संध्याकाळी तू मोडलेल्या स्टेशनावर गेला होतास. घंटा ऐकलीस. हो की नाही?"

तो ढसाढसा रडायला लागला. "बाबाची घंटी होती, साहेब. अचलपूरच्या गाडीचे टोले. तीन, मंग थांबून दोन. बाबा तसेच द्यायचे, लहानपनापासून ऐकले. मी तिले सकाळी मर म्हटलं अन् बाबा तिले न्यायले आले. मी पाहायला पुढं नाई गेलो. फटफटीवर टांग टाकली अन् पळालो. तुमाले सांगतलं असतं तं तुमी म्हटलं असतं, तूच मारलं."

म्हटलं असतंच. त्याचं बरोबर होतं.

"विहिरीवरची जाळी तू काढलीस," मी भंगारवाल्याकडे वळलो. "विहीर उघडी टाकलीस?"

"नाई, साहेब. दिसू नये म्हणून बोरीच्या काट्या टाकल्या वरून."

आम्ही धावतच जीपमध्ये बसलो.

पोहोचलो तेव्हा सूर्य डोक्यावर होता. चारी बाजूंना फुटलेला पांढरा कापूस आणि मध्ये तो उंचवटा, त्यावर एक कडुनिंब. झाडाखाली शिदोरीची फडकी तशीच पडलेली, एका भाकरीला मुंग्या लागलेल्या. बाया पार लांब, दुसऱ्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसल्या होत्या, इकडे पाठ करून. आमच्या बाजूला पाखरूसुद्धा बोलत नव्हतं. मुलगा जीपमधून उतरेना.

आणि घंटा वाजली.

तीन टोले. मग शांतता. मग दोन. लांबून नव्हे, पायाखालून आल्यासारखी. भर उन्हात माझ्या अंगावर काटा आला. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, पण त्या क्षणी तुम्ही विचारलं असतं तर मी लगेच उत्तर दिलं नसतं. हवालदार नकळत लाईनीकडे पाहू लागला, जिथं गवतातून कापलेल्या रुळांची टोकं वर आली होती. "अचलपूरची गाडी," तो पुटपुटला. त्याचा हात सलामासाठी वर जातोय की नमस्कारासाठी, हे त्यालाही कळत नव्हतं.

"गाडी कसली, हवालदार! माणूस आहे आत!" मी ओरडलो. ते मी त्याच्यासाठी ओरडलो की स्वतःसाठी, कोण जाणे.

बोरीच्या काट्यांत मधोमध भगदाड होतं. खाली गुडघाभर चिखलपाण्यात, विहिरीच्या पायरीला टेकून म्हातारी बसली होती. इंजिनाला पाणी चढवायचा जुना नळ विहिरीत तसाच होता. तिच्या हातात विटेचा तुकडा. आम्हाला पाहून तिनं तो हळूच खाली ठेवला. हवालदार स्वतः उतरला. बैलगाडीचा दोर आणला, खाट सोडली, आणि बाया धुऱ्यावरून धावत आल्या त्या रडतच.

पाय मोडला होता, आवाज पार बसला होता, पण म्हातारी जगली. अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात मी तिचा जबाब घेतला.

"पह्यल्या दिवशी लई वरडली," ती कुजबुजत म्हणाली. "गळा बसला. मंग नळ सापडला. आता कसंबी ठोकलं असतं तं लोकायले वाटलं असतं भंगारवाला हाये. म्हून टेशनाची घंटी देल्ली. म्हटलं, गावातले वळखतीन. बाया नीमाखाली जेवाले बसल्या का मी घंटी देवाले लागली. तं त्या पळाल्या."

गावानं ओळखली होती, नीट ओळखली होती. वेडंवाकडं ठोकलं असतं तर कुणीतरी शिव्या घालत तरी बघायला आलं असतं.

मग तिनं लेखनिकाकडे हात केला. "हे नोका लिहू. पह्यल्या संध्याकाळी पोरगा आल्ता. त्याची गाडी मी वळखते. खोकलाही वळखते, वरतून ऐकू आला. म्हून पह्यली घंटी त्याच्यासाठीच देल्ली. मंग गाडी चालू झाली अन् गेली. त्याले मालूम नोका पडू देऊ, साहेब. मरून जाईन थो."

लेखनिकानं पेनाला टोपण लावलं. ते वाक्य जबाबात नाही.

बाहेर व्हरांड्यात मुलगा उकिडवा बसला होता. आत जायची हिंमत होत नव्हती. मला पाहताच उठला. "साहेब, मायले ऐकू आलं होतं का? मी आल्तो थे?"

"नाही," मी म्हणालो. "त्यांना काही आठवत नाही. जा आत."

तो गेला. खाटेपाशी मान खाली घालून उभा राहिला. म्हातारीनंच त्याला जवळ ओढलं, त्याच्या छातीवर हात ठेवला आणि सवयीनं बोलून गेली, "खोकला लई झाला रे तुले. परवा केवढा खोकलून राह्यला होता. काढा घेत जाजो."

ती बोलली आणि थांबली. तो तिच्याकडे बघत राहिला. मग खाली बसला आणि त्यानं खाटेच्या लोखंडी पायाला कपाळ टेकवलं. ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. मी दार ओढून घेतलं. पोलिसाचं तिथं काही काम उरलं नव्हतं.

त्यानंतरच्या नोकरीत कुणी "साहेब, तो आवाज तिथं नेहमीच येतो" असं सांगितलं, की मी लगेच जीप काढायला लावायचो. माणसं मला वेडा म्हणायची. बहुतेक वेळा तिथं काही नसायचं, आणि मी परत येऊन निवांत चहा प्यायचो.