डबक्याचे मागचे पाय

धाकटे काका, म्हणजे माझ्या धाकट्या मावशीचे यजमान, ऐन तारुण्यात एका राक्षसाचे मागचे पाय होते. पुढचे पाय थोरले काका, त्यांचे साडू. दोघे मिळून घरोघरची कपाटं जिन्यावरून चढवत-उतरवत. एक पुढे, एक मागे. ते पाहूनच कुणीतरी त्यांना सिनेमात नेलं आणि डबक्या नावाच्या राक्षसाचं रबरी कातडं चढवलं. डबक्या डबक्यातून निघे आणि माणसं गिळे.

पण कातड्याच्या आत वेगळंच चाले. थोरले न सांगता वळायचे, धाकटे ऐकायचे नाहीत. पुढचे पाय डावीकडे, मागचे उजवीकडे, मध्ये पोट पिळवटलेलं. लोक किंचाळता किंचाळता हसले. सिनेमा वर्षभर चालला. साडूंचा अबोला कितीतरी वर्षं.

मग एकदा थोरले कुणाचं तरी कपाट उतरवत असताना ते जिन्याच्या वळणावर अडकलं आणि त्या घरच्या मालकीणबाई वरच कोंडल्या गेल्या. धाकटे न बोलावता आले, कपाटाची मागची बाजू धरून म्हणाले, "सांगा, कुठं वळायचं?" अबोला तिथं सुटला. तेव्हापासून दोघे एकमेकांना इतके जपतात, की बशीतलं शेवटचं बिस्किट सादळून जातं.

आता एका तरुण दिग्दर्शिकेनं डबक्याला आजच्या प्रेक्षकांसाठी पुन्हा उठवायचं ठरवलं. डोळ्यांत दिवे, नाकातून धूर. चाल मात्र जुनीच हवी. दोघे गुडघ्यांना पट्टे बांधून हजर झाले. पहिल्या दिवशी डबक्या असा चालला, जणू निवृत्त हेडमास्तर सकाळी फिरायला निघालेत.

"काका, हा माणसं गिळणार आहे की त्यांची विचारपूस करणार आहे?" दिग्दर्शिका म्हणाली. "पूर्वीसारखं भांडा ना! उद्या जमलं नाही तर मला चाल कॉम्प्युटरवर करावी लागेल."

त्या दिवशी धाकट्यांना जेवण गेलं नाही.

"मला परत डबक्या व्हायचंय गं," ते मावशीला म्हणाले. "पण खरंच भांडलो आणि पुन्हा बोलणं बंद झालं तर?"

"मग खोटं खोटं भांडा."

"करून पाहिलं. त्यांना गाढव म्हणालो. तर म्हणतात, बरोबर आहे तुमचं."

दुसऱ्या दिवशी डबक्यानं दार फोडून घरात शिरायचं होतं. दार फुटलं. डबक्या उंबऱ्यातच थांबला. पोटातून आवाज आला.

"या साडूभाऊ, आधी तुम्ही."

"छे छे, तुम्ही थोरले."

"जन्मभर मागे राहिलात. आज मान तुमचा."

"अहो, पण मी मागचे पाय आहे!"

"म्हणून काय झालं?"

थोरले मागे सरकले, धाकट्यांनी पुढे रेटलं. डबक्याचं पोट फुगलं, शेपूट पुढे आलं, डोकं स्वतःच्याच बगलेत शिरलं आणि तिथून धूर निघाला. गिळली जाणारी नटी खरोखरीच किंचाळली, मग हसत खाली बसली. दिग्दर्शिकेनं हसू फुटू नये म्हणून स्वतःचा हात चावला.

पाठीची चेन उघडल्यावर धाकट्यांनी आधी विचारलं, "राग नाही ना आला?"

"आलाय. ऐकता का कुणाचं?" थोरले घाम पुसत म्हणाले. "चहाला मात्र येतोय."

दोघे एकत्र घरी आले. दारात थांबले.

"आधी तुम्ही."

"छे छे, तुम्ही."

मावशीनं थोडा वेळ वाट पाहिली. मग दोघांचे कप बाहेर पायरीवर नेऊन ठेवले.