डावीकडचा ब्रेक

आपांना स्टिअरिंगवर बसलेलं मी क्वचितच पाहिलं. त्यांची जागा डावीकडची. शिकवायच्या गाडीत त्या बाजूलाही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. चप्पल काढून उजवा पाय त्या ब्रेकवर ठेवायचा आणि अख्खं शहर पालथं घालायचं, हा आपांचा रोजचा उद्योग. शहागंजच्या गर्दीत शिकणारीचे हातपाय गळाले की गाडी अलगद थांबायची. "रडू नको गे. तूच थांबवलीस असं समज," असं तिला म्हणून आपा मागच्या रिक्षावाल्याकडं वळायच्या, "कायकू पों पों करता रे? पैदा होतेच चलाना सीखा था क्या?"

त्यांचे अब्बा एका जहागीरदाराचे ड्रायव्हर होते. पोलीस अ‍ॅक्शननंतर जहागिरी गेली, मोटार गेली, नोकरी गेली. लेकीला द्यायला दुसरं काही उरलं नाही म्हणून अब्बांनी ड्रायव्हिंग दिलं, असं आपा ऐटीत सांगायच्या. पुढं त्याच जोरावर त्यांनी छावणीजवळ फक्त बायकांसाठी क्लास काढला. एक पांढरी मारुती, तिच्यावर लाल 'एल', आणि आपा.

मी पैठणकडच्या खेड्यातली, आठवीतच शाळा सुटलेली. शहरात मावशीकडं राहायचे आणि हाताला काहीतरी काम यावं म्हणून गाडी शिकायचे. मला ट्रकची भीती, म्हशींची भीती, रिव्हर्सची तर फारच. आपा कधी चिडल्या नाहीत. "भीती वाटते ना? वाटू दे. तिला मागच्या सीटवर बसव. पुढं जागा नाय," एवढंच म्हणायच्या. मला लायसन्स मिळालं तेव्हा पेढे त्यांनीच वाटले.

आमच्या क्लाससमोर दुसरा एक क्लास होता. त्याच्या मालकांना सगळे 'सर' म्हणत. एकदा चहाच्या टपरीवर, चार लोकांत, ते मोठ्यानं म्हणाले, "आपांच्या पोरी कुठं गाडी चालवतात? आपांचा पाय चालवतो. तो पाय काढा, मग बघू!" लोक हसले. गोष्ट हसण्यावर थांबली असती तर ठीक होतं. पण पोरींचे बाप ती ऐकून गेले, आणि नवीन नावं यायची बंद झाली. जुन्यांतल्याही काही जणी गुपचूप रस्ता ओलांडून सरांकडं जाऊ लागल्या. असंच चाललं असतं तर दिवाळीपर्यंत क्लासला कुलूप लागलं असतं.

आपांनी कुठून तरी शोधून काढलं, की मे महिन्यातल्या एका रविवारी नाशिकला हौशी लोकांसाठी ऑटोक्रॉस आहे. मैदानात प्लास्टिकचे शंकू मांडतात. त्यांच्यामधून वळणं घेत एका वेळी एकच गाडी जाते, आत एकटा ड्रायव्हर, बाहेर घड्याळ. शंकू पाडला की वेळ वाढवून धरतात. आपा त्या शंकूंना टोप्या म्हणायच्या.

"तू जाणार," त्या मला म्हणाल्या.

"आपा, मी? मी लई भित्री हाय हो."

"हौ, म्हणूनच. सगळ्यात भित्री पोरगी एकटी चालवून आली, तर सर काय बोलतील?"

शनिवारी सकाळी त्यांनी गाडी सरांच्या दारात लावायला सांगितली. मेकॅनिककडून पाना घेतला, भर रस्त्यात वाकून डावीकडचे दोन्ही पॅडल खोलले आणि कापडी पिशवीत घालून सरांच्या टेबलावर ठेवले. "हा माझा पाय. सांभाळून ठेवा. सोमवारी नेते."

तिथूनच नाशिकला निघालो, मी स्टिअरिंगवर. लासूर, वैजापूर मागं पडलं. काचा खाली, तोंडावर झळा, डोक्याला ओले पंचे. येवल्याजवळ एसटी अचानक अंगावर आली. मी ब्रेक दाबला, आणि बाजूला धप्प असा आवाज झाला. आपांचा पाय रिकाम्या तळावर आपटला होता. मी वळून पाहिलं. "रस्ता बघ," त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. पुढं प्रत्येक ट्रकला धप्प, प्रत्येक बैलगाडीला धप्प. म्हणजे यांनाही भीती वाटते तर! काय झालं कोण जाणे, निफाड येईस्तोवर मी दोन ट्रक मागं टाकले.

मैदानावर रुंद टायरांच्या गाड्या आणि हेल्मेटवाली पोरं. एकानं आमचा 'एल' बघून विचारलं, "काकू, शिकायला आलात का?"

"नाय बेटा, शिकवायला. तुझी टोपी दे जरा हिला."

त्यानं हसत हसत हेल्मेट काढून दिलं.

माझी पाळी आली. मी निघाले आणि क्लासात शिकवलं होतं तसंच सगळं केलं. प्रत्येक शंकूला आरसा, इंडिकेटर, हॉर्न! अख्खं मैदान हसायला लागलं. दोरीपलीकडून आपांचा आवाज आला, "हसा, हसा! हॉर्नला मनाई हाय का?" दर वळणावर मला काचेतून त्या दिसत होत्या. उजवा पाय धुळीत गच्च दाबलेला. शेवटच्या चौकटीत गाडी थांबवून मी हँडब्रेक ओढला, न्यूट्रल केलं आणि मागं पाहिलं. सगळे शंकू उभे होते.

निकालात मी खालून तिसरी. आपांनी तो परतीच्या वाटेवर दर टपरीवर सांगितला, "दोन मर्दांच्या वर!"

सोमवारी त्यांनी मला एकटीला गाडीत बसवून सरांच्या दारात पाठवलं. स्वतः रस्त्याच्या पलीकडून चालत आल्या. "द्या माझा पाय." सरांनी पिशवी दिली. "बसा आपा, चहा घ्या," म्हणाले. "नको. पोरी थांबल्यात," आपा म्हणाल्या. तेव्हा एकही थांबलेली नव्हती. पावसाळ्यात मात्र पोरींना खरोखर नंबर लावून थांबावं लागलं.

पुढं मला जामनगरला कारखान्यातल्या बायकांची व्हॅन चालवायचं काम मिळालं. निघताना आपा एसटी स्टँडवर आल्या. बस फलाटावरून मागं सरकली तशी मी खिडकीतून खाली बघितलं. त्यांचा उजवा पाय फरशीवर दाबलेला होता.

त्या गेल्याचा फोन त्यांच्या भाचीनं केला. मला पोचता आलं नाही. इथल्या गेटवर नवा वॉचमन आला की मला बघून अजूनही हसतो आणि गाडी कोण चालवणार म्हणून विचारतो. भीती मागच्या सीटवर बसलेली असते. मी आरसा बघते, इंडिकेटर देते, त्याच्या कानाशी हॉर्न वाजवते आणि निघते.